ठिबकचं पॅनेल: स्पर्श ओळखायचा, पण प्रोसेसर सतत जागता न ठेवता

प्रकल्प नोंदी, चोपडा तालुका

७ मार्च

सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा केळीचा मळा आहे. ठिबकचे चार व्हॉल्व्ह. ते मोटरीच्या खोलीतूनच उघडबंद करता यावेत, कोणत्या प्लॉटला किती वेळ पाणी हे काचेवर बोटाने भरता यावं, एवढीच मागणी. पण शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि वेळ बदलायची असते तेव्हा हमखास लाइन गेलेली असते. मी कागदावर आकृती काढत होतो तेव्हा आप्पांनी शेजारी बसून एकच विचारलं, "रातले लाइट जास, मंग हाई चालस का?"

त्या प्रश्नावरच सगळी रचना ठरली. पॅनेल बॅटरीवर चालेल. दिवसातले तेवीस तास आणि वर मिनिटं त्याला कुणी हातही लावणार नाही, तरी बोट टेकलं की त्याने लगेच ओ द्यायला हवी. म्हणजे या कामात स्पर्श ओळखणं दुय्यम आहे. खरी गोष्ट आहे ती स्पर्शाची वाट बघण्याचा खर्च. व्हॉल्व्ह लॅचिंग सोलेनॉइडचे घेतले आहेत, उघडायला एक झटका आणि मिटायला उलटा झटका. मधल्या वेळात त्यांना करंट लागत नाही, त्यामुळे त्यांची काळजी मिटली.

साधी बटणंही चालली असती. पण एप्रिल-मे महिन्यांत इथली धूळ बटणाच्या फटीत शिरते, आणि चार प्लॉटांच्या वेळा चार बटणांवर भरणं म्हणजे मोबाइलवर एकाच कळीने पत्र लिहिण्यासारखं.

१० मार्च

पॅनेल कोणतं घ्यायचं? मोबाइलसारखं कपॅसिटिव्ह की जुन्या पद्धतीचं रेझिस्टिव्ह? मी रेझिस्टिव्ह घेतलं. केळीच्या मळ्यात काम करणाऱ्याच्या हाताला चीक असतो, चिखल असतो, हात बहुतेक वेळा ओला असतो. आमचे सालदार बाबूभाऊ म्हणाले, "मन्हं बोट तं वल्लंच ऱ्हास." रेझिस्टिव्ह पॅनेल दाबाने चालतं. बोट ओलं असो, हातमोजा असो की हातात काडी असो, त्याला फरक पडत नाही.

रचना अशी: खाली काच, वर लवचीक प्लास्टिकची फिल्म, दोघांच्या समोरासमोरच्या बाजूंवर इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर. मध्ये डोळ्याला जेमतेम दिसणारे ठिपके दोन्ही थर वेगळे ठेवतात. बोटाने दाबलं की त्या जागी थर एकमेकांना टेकतात. एका थरावर एका टोकाला बॅटरीचा व्होल्टेज आणि दुसऱ्या टोकाला शून्य दिलं की तो थर लांबच लांब पोटेन्शिओमीटर होतो, म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणात असतो तसा बदलता रोध. दुसरा थर त्याचा सरकता हात. जिथे टेकला तिथला व्होल्टेज वाचला की आडवी जागा कळली. मग थरांची अदलाबदल करून उभी जागा. चार तारांत सगळं भागतं.

१६ मार्च

आज एक्सपीटी२०४६ ही चिप जोडली. पॅनेलच्या चार तारा एका बाजूला, प्रोसेसर दुसऱ्या बाजूला, आत १२ बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचं ० ते ४०९५ मधल्या आकड्यात रूपांतर करणारं सर्किट. या चिपची एक तार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माहितीपत्रकात तिचं नाव पेन इंटरप्ट असं आहे, म्हणजे पेन किंवा बोट टेकल्याची वर्दी देणारी तार.

ती काय करते ते नीट लिहून ठेवतो, कारण सगळी बचत तिच्यातच आहे. चिप झोपलेली असताना एक थर आतल्या स्विचने जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडलेला असतो आणि दुसरा थर सुमारे ५० किलोओहमच्या रोधातून वर ओढलेला असतो. बोट नसेल तर दोन्ही थरांत संपर्क नाही, म्हणून त्या वाटेने करंटही नाही. बोट टेकलं की वर ओढलेला थर खाली येतो, वर्दीची तार शून्यावर पडते, आणि ती तार प्रोसेसरच्या इंटरप्टला, म्हणजे त्याला झोपेतून हाक मारणाऱ्या पिनेला, जोडलेली असल्याने प्रोसेसर उठतो. प्रोसेसर एसटीएम३२ च्या एल० मालिकेतला आहे. स्टॉप या गाढ झोपेच्या अवस्थेत घड्याळ चालू ठेवून त्याला सुमारे एक मायक्रोअँप लागतो, आणि उठायला काही मायक्रोसेकंद. बोटाच्या मानाने हा वेळ शून्यच.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. चिपला जो आज्ञेचा बाइट पाठवतो त्याचे शेवटचे दोन बिट शून्य ठेवले तरच मापन झाल्यावर चिप पुन्हा झोपते आणि वर्दीची तार चालू राहते. शिवाय मापन चालू असताना ही तार आपोआप वर-खाली होते, कारण थरांवर व्होल्टेज फिरत असतो. म्हणून मापनाच्या आधी इंटरप्ट बंद करायचा, मापन संपल्यावर साचलेली खूण पुसायची, मगच पुन्हा चालू करायचा. हा क्रम पाळला नाही तर प्रोसेसर स्वतःच्याच मापनाने स्वतःला उठवत राहतो.

२३ मार्च

संध्याकाळी हिशेब मांडला. सेल २६०० मिलिअँप-तासांचा धरला.

प्रोसेसर सतत फिरत राहून "बोट आलं का, बोट आलं का" विचारत राहिला तर त्याचे सुमारे ३ मिलिअँप जातात. २६०० भागिले ३ म्हणजे साधारण ८६६ तास, ३६ दिवस. हे तर चालणारच नाही.

दुसरा मार्ग: सेकंदाला ५० वेळा उठायचं, अर्धा मिलिसेकंद बघायचं, पुन्हा झोपायचं. म्हणजे वेळेच्या अडीच टक्के जागं, सरासरी ७५ मायक्रोअँप. हा आकडा बघून बरं वाटतं, पण यात पॅनेलचा स्वतःचा खर्च धरलेला नाही. थराचा रोध ४०० ओहमच्या आसपास आहे. ३.३ व्होल्ट दिले की त्यातून ८ मिलिअँप वाहतात, जागत्या प्रोसेसरच्या अडीचपटीहून जास्त! प्रत्येक वेळी दोन्ही दिशा मोजायला ०.४ मिलिसेकंद धरला तर आणखी १६० मायक्रोअँप सरासरीत पडतात. एकूण २३५. सेल पंधरा महिने टिकेल असं कागदावर दिसतं, पण त्यातला दोन-तृतीयांश खर्च कुणीही न लावलेल्या बोटाची जागा मोजण्यात जातो.

तिसरा मार्ग वर्दीच्या तारेचा. प्रोसेसर एक मायक्रोअँप, झोपलेली चिप तशीच, सगळं मिळून चार मायक्रोअँप धरू. दिवसाला ०.१ मिलिअँप-तास. याच्यापुढे सेल स्वतःच्या गळतीने आधी उतरेल.

म्हणून थरावर व्होल्टेज द्यायचा तो फक्त बोट खरंच टेकलेलं असताना, आणि तेव्हाही काम झालं की लगेच काढून घ्यायचा.

२५ मार्च

मीटर लावला तर झोपेतही ५ मिलिअँपच्या वर. प्रोसेसर झोपलाय, चिप झोपलीय, मग खातंय कोण? बाजारातल्या तयार बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग. काही काम नसतानाही त्याला स्वतःला सुमारे ५ मिलिअँप लागतात. एवढ्यावर सेल बाविसाव्या दिवशी संपेल. बारा-पंधरा रुपयांचा हा भाग वर केलेला सगळा हिशेब खाऊन टाकतो. तो काढून एमसीपी१७०० बसवला, त्याला दोन मायक्रोअँपही लागत नाहीत. बोर्डावरचा पॉवरचा लाल एलईडीही उपटला.

४ एप्रिल

पॅनेल मोटरीच्या खोलीत नेलं. टेबलावर जे गुण्यागोविंदाने चाललं ते इथे मोटर बंद होताना दचकून उठतं. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर सुटला की कॉइलमधून व्होल्टेजचा झटका निघतो आणि पॅनेलच्या चपट्या केबलला तो जाणवतो. वर्दीची तार क्षणभर शून्यावर, प्रोसेसर जागा.

मुळावर उपाय म्हणून कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी लावली, शिवाय केबल स्टार्टरच्या पेटीपासून लांबून फिरवली. थरांच्या तारांवर १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर टाकले. इथे एक तोल सांभाळावा लागतो. कपॅसिटर मोठा घेतला तर झटके मरतात, पण थरावर व्होल्टेज दिल्यावर तो स्थिरावायलाही वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ते ८ मिलिअँप वाहत राहतात. ५०० ओहम आणि १० नॅनोफॅरड म्हणजे ५ मायक्रोसेकंद. १२ बिटांच्या अचूकतेसाठी त्याच्या नऊपट थांबायचं, म्हणजे ४५ मायक्रोसेकंद. हे परवडतं. १०० नॅनोफॅरड घेतला असता तर साडेचारशे झाले असते.

बाकीचं प्रोग्रामने करायचं. जागं झाल्यावर लगेच मोजायचं नाही. पाच मिलिसेकंदांचा गजर लावून पुन्हा झोपायचं. उठल्यावर तार अजून खाली आहे का बघायचं. नसेल तर तो झटका होता, परत झोप. असेल तर जागेच्या आधी दाब मोजायचा. चिप दोन जादा मापनं देते, झेड१ आणि झेड२. थराचा रोध गुणिले आडव्या जागेचा ४०९६ शी असलेला भाग, गुणिले (झेड२ भागिले झेड१, वजा एक), यातून स्पर्शाच्या जागेचा रोध निघतो. बोटाने नीट दाबलं तर तो कमी येतो. फिल्म नुसती हलकी टेकली असेल तर खूप जास्त.

खोट्या जागरणाचा खर्च किती, तोही काढला. दिवसात हजार वेळा जरी उगाच उठला, तरी दर वेळी अर्धा मिलिसेकंद ११ मिलिअँप. सगळं मिळून ०.००१५ मिलिअँप-तास. काहीच नाही. पण दर खोट्या स्पर्शाला स्क्रीनचा दिवा १५ सेकंद लागला तर? दिव्याचे ६० मिलिअँप गुणिले चार तास दहा मिनिटं, म्हणजे दिवसाला २५० मिलिअँप-तास. दहा दिवसांत सेल सपाट. म्हणून नियम केला: दाबाची खात्री पटल्याशिवाय दिवा लावायचा नाही. प्रोसेसर खुशाल उठू दे.

१३ एप्रिल

जळगावहून भाचा आला होता. त्याचं म्हणणं, "मामा, मोबाइलची काच तर किती हलक्या हाताने चालते, तीच लाव ना." प्रश्न रास्त आहे. त्याला दाखवायला म्हणून तांब्याच्या एका चकतीवर अॅक्रिलिकचा तुकडा ठेवून कपॅसिटिव्ह कळ बनवली.

इथे काहीच टेकत नाही. चकतीला जमिनीच्या तुलनेत थोडी धारिता, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, असते. बोट जवळ आलं की तिच्यात एखाद्या पिकोफॅरडची, कधी त्याहूनही कमी, भर पडते. ती मोजायला चकती वारंवार भरायची आणि दर वेळी तिच्यातला भार एका मोठ्या कपॅसिटरमध्ये ओतायचा. मोठा भरायला किती वेळा ओतावं लागलं ते मोजायचं. बोट असेल तर कमी वेळा लागतं. भाच्याला आकडे दाखवले: बोट ठेवलं की खाली, काढलं की वर. बोट काचेवर टेकण्याआधीच आकडा हलायला लागतो हे बघून तो खूश झाला.

मग त्याला म्हटलं, आता सांग, बोट आलंय हे चकतीला आपणहून कळतं का? नाही कळत. कुणीतरी ती भरावी लागते, ओतावी लागते, मोजावी लागते. रेझिस्टिव्ह पॅनेलमध्ये बोट स्वतःच सर्किट जोडतं, वाट बघायला काही लागत नाही. कपॅसिटिव्हमध्ये वाट बघणं हेच काम आहे, ते कुणाला ना कुणाला करावंच लागतं.

मोबाइलने ते काम मुख्य प्रोसेसरकडून काढून घेतलं आहे. काचेला चिकटलेल्या पट्टीवर स्वतंत्र छोटी चिप असते, तीच आडव्या-उभ्या रेघांची जाळी तपासत राहते. जीटी९११ सारख्या चिपमध्ये बोट फिरत असताना तपासणी दर ५ ते २० मिलिसेकंदांनी होते. काही वेळ कुणी हात लावला नाही की ती आपोआप सुस्त अवस्थेत जाते आणि सुमारे ४० मिलिसेकंदांनी एकदाच बघते. बोट दिसलं की पुन्हा वेग वाढवून इंटरप्टच्या तारेने मुख्य प्रोसेसरला उठवते. म्हणून पहिला स्पर्श किंचित उशिरा पोचतो, पुढचे झटपट.

हेच काम काही प्रोसेसरच्या आतही करून दिलेलं असतं. ईएसपी३२ मध्ये स्पर्शाच्या दहा पिना आहेत आणि मुख्य गाभा गाढ झोपेत असताना घड्याळाच्या विभागातलं सर्किट त्या तपासत राहतं. एमएसपी४३० च्या कॅपटिव्हेट जातीतही तसंच. माझ्याकडच्या एसटीएम३२ एल० मध्ये स्पर्शाचं सर्किट आहे, पण स्टॉप अवस्थेत त्याचं घड्याळच बंद पडतं, म्हणजे गजर लावून उठणं आलं. या कामाला ते सोयीचं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. त्याच अॅक्रिलिकवर ठिबकच्या नळीतून चार थेंब टाकले तर कळ दाबल्यासारखी वाटायला लागली. पाणी पसरलं की तेही धारिता वाढवतं. मोठ्या चिपा दोन रेघांमधली धारिता वेगळी मोजून पाणी आणि बोट यांतला फरक ओळखतात, भोवती संरक्षक पट्टा देतात, मूळ पातळी हळूहळू हवेप्रमाणे सरकवत राहतात. हे सगळं चांगलंच आहे. पण त्यासाठी चिप जागी लागते.

भाच्याला हेही सांगितलं की कपॅसिटिव्ह काच मोबाइलसाठी जन्मली नाही. १९७० च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी तशी काच कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी केली होती, असंख्य बटणं आणि खटके कमी करायला. घरातल्या पॅनेलसाठी मी कपॅसिटिव्हच वापरेन. मळ्यात नाही.

२७ एप्रिल

पारा ४४ वर. पत्र्याच्या खोलीत दुपारी पेटीला हात लावून बघितला, धरवत नाही. एवढ्या उष्णतेत साधा लिथियम-आयन सेल लवकर म्हातारा होतो, म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटचा १५०० मिलिअँप-तासांचा सेल आणला. साठा कमी, पण ऊन जास्त सोसतो. आणखी एक मोठा फायदा: त्याचा व्होल्टेज ३.२ च्या आसपास राहतो आणि माझा प्रोसेसर १.६५ ते ३.६ व्होल्टवर थेट चालतो. चार्जरची हद्द ३.४५ ला ठेवली आणि रेग्युलेटरच काढून टाकला. छतावर लहानसं सोलर पॅनेल आहे.

सेल उतरत गेला की थरावरचा व्होल्टेजही उतरेल, मग जागा चुकेल का? नाही. मापन गुणोत्तराने होतं. एडीसीचा संदर्भही त्याच थराच्या दोन टोकांवरून घेतो. दोन्ही बरोबरच खाली येतात. सेलचा व्होल्टेज मुद्दाम उतरवून काचेच्या चारही कोपऱ्यांना खुणा तपासल्या, जागच्या जागी.

८ मे

आता खर्चाची वही परत लिहिली. वाट बघणं दिवसाला ०.१ मिलिअँप-तास. स्क्रीनचा दिवा रोज सगळा मिळून दहा मिनिटं धरला तर १०. शंभरपट! स्पर्शात आणखी काही वाचवायला जाणं आता व्यर्थ आहे, जे आहे ते दिव्यात आहे.

त्यात मे महिन्याच्या उन्हात रंगीत स्क्रीन दिवा लावूनही दिसत नाही. दार उघडं असलं की नुसती काळी काच. रंग सोडले. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा एकरंगी एलसीडी घेतला, बाहेरच्या उजेडाने दिसणारा, ठिपके चालवायला एसटी७५६५ चिप असलेला. ऊन जितकं कडक तितकी अक्षरं ठसठशीत. वरची स्पर्शाची फिल्म थोडा उजेड अडवते, तरी दारातून वाचता येतं. मागचा दिवा फक्त अंधारात लागतो. त्यासाठी उजेडाचा एक सेन्सर जोडला, आणि तोही जागं झाल्यावरच वाचायचा. अक्षरं मोठी केली. चार प्लॉट, चार चौकोन, खाली अधिक-उणे.

१९ मे

बाबूभाऊंनी रोज वापरायला सुरुवात केली. त्यांना बघून दोन नियम पक्के केले.

पहिला, झोपलेल्या पॅनेलला झालेला पहिला स्पर्श फक्त उठवण्यापुरता. तो कुठेही पडला तरी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. अंधारात माणूस चाचपडत टेकतो, त्याचं बोट कुठल्या चौकोनावर आहे हे त्याला दिसत नसतं. त्या बोटाने प्लॉट तीनचं पाणी बंद झालं तर सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही. बोट उचललं गेलं, अक्षरं दिसली, त्यानंतरचा स्पर्श खरा.

दुसरा, अडकलेला स्पर्श. फिल्मच्या कडेला आणि चौकटीला मिळून चिखलाचा गोळा वाळला तर तो दाब धरून ठेवतो. वर्दीची तार खालीच राहते, ५० किलोओहममधून ६६ मायक्रोअँप जात राहतात आणि प्रोसेसर उठत-बसत राहतो. आता तीस सेकंद तार सलग खाली राहिली की स्पर्शाचा इंटरप्ट बंद होतो, चिपला त्या तारेशिवायच्या अवस्थेत टाकलं जातं आणि दर चार सेकंदांनी घड्याळाच्या गजराने एकदा डोकावून बघितलं जातं. मोकळी झाली की पुन्हा पहिल्यासारखं. स्क्रीनवर कोपऱ्यात "काच पुसा" येतं. बाबूभाऊंनी ते वाचलं, गमछाने काच पुसली आणि चौकोन दाबला. त्यांना काही सांगावं लागलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

मापनातही एक दुरुस्ती: बोट उचलतानाचं शेवटचं मापन भरकटतं, कारण दाब सुटत असतो. पाच मापनं घेऊन मधलं धरतो, आणि प्रत्येक फेरीनंतर दाब पुन्हा तपासतो. दाब सुटला असेल तर ती फेरी टाकून द्यायची.

१२ जून

पहिला चांगला पाऊस झाला. पेटीच्या वरच्या कडेने पाणी फिल्मवरून ओघळत होतं, पॅनेल गाढ झोपेत. पाण्याच्या वजनाने थर टेकत नाहीत. बाबूभाऊ भिजत आले, तसंच ओलं बोट लावलं, अक्षरं आली.

केबल जिथे पेटीत शिरते तिथलं ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळायचं बूच, मात्र घट्ट नाही, आत थेंब दिसला. ते बदलायचं आहे. आप्पांनी खालच्या मळ्यासाठी दुसरं पॅनेल मागितलं आहे; तिथे व्हॉल्व्ह सहा आहेत, म्हणजे चौकोन लहान होतील आणि बोटाला जागा कमी पडेल. प्लॉटांची दोन पानं करायची की मोठा एलसीडी आणायचा, हे चौकोन कागदावर खऱ्या मापात काढून बाबूभाऊंच्या अंगठ्याने तपासून ठरवतो.